चाचणी कुणाच्या जगातली?

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सहा कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यांक चाचणीत कमी गुण मिळाले आणि शाळांनी त्यांना ‘मतिमंदां’च्या वर्गात बसवलं. तिथला अभ्यासक्रम इतका तुटपुंजा, की नेहमीच्या वर्गात परतणं जवळजवळ अशक्यच. १९७१ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं.

कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी या मुलांची चाचणी नव्याने घेतली. आधी मुलांशी मोकळेपणाने बोलून त्यांचं दडपण घालवलं. काही प्रश्न त्यांच्या ओळखीच्या शब्दांत विचारले. उत्तर पुस्तकी नसलं, पण विचार बरोबर असला, तर गुण दिले. सहाही मुलं त्या वर्गासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेली!

मुलं तीच होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तेव्हाच्या काही प्रचलित चाचण्या मुळात फक्त गोऱ्या मुलांवर प्रमाणित झाल्या होत्या. त्यांतून बुद्धीइतकीच घरची भाषा आणि परिस्थितीही मोजली जात होती. कॅलिफोर्नियाच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलं सुमारे ९ टक्के, तर या वर्गांत २७ टक्के. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यांक चाचण्या वापरायला मनाई केली.