विजेरीचे सेल आणि शहाणा चार्जर

रब्बीच्या दिवसांत रात्री वीज आली की गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला निघावे लागते. अशा वेळी बांधावर विजेरी मंदावली तर पुढचे पाऊल खड्ड्यात पडेल की सापावर, हे कळत नाही. पुन्हा भरता येणारे सेल आता पुष्कळ घरांत आले आहेत. पण ते लवकरच दम धरीनासे होतात, अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. अनेकदा दोष सेलचा नसून चार्जरचा असतो. म्हणून त्याविषयी येथे थोडे सांगत आहोत.

भरता येणारा सेल तसा जुनाच. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली निकेल-कॅडमियमचा सेल बनविला. कॅडमियम विषारी असल्याने घरगुती वापरात त्याची जागा बहुतांशी निकेल-मेटल हायड्राइड सेलने घेतली. साध्या सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो, याचा १.२.

साधा चार्जर म्हणजे दारे धरायला माणूस नसलेला पाट. वाफा भरला तरी पाणी चालूच! सेल २००० मिलिअँपिअर-तासांचा आणि चार्जर २०० मिलिअँपिअरचा असेल, तर हिशेबाने १० तास होतात. काही वीज उष्णतेत जात असल्याने प्रत्यक्षात १४ ते १६ लागतात. त्यानंतरही प्रवाह चालू राहिला तर आत प्राणवायू साठतो, सेल तापतो, झडपेतून वायू निसटतो आणि आतला ओलावा आटतो. असे वारंवार झाले की सेलचे आयुष्य घटते.

काही चार्जरांत घड्याळ असते व ठरलेल्या तासांनी ते प्रवाह बंद करते. पण सेल आधीच अर्धा भरलेला आहे, हे घड्याळाला कळत नाही. शिवाय वीज जाऊन आली की बहुधा मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

शहाणा चार्जर प्रत्येक सेलची नाडी वेगळी पाहतो. भरताना सेलचा विद्युत्-दाब चढत जातो. सेल पूर्ण भरला की तो दाब शिगेला पोचून किंचित, व्होल्टच्या काही हजारांश भागाने, खाली येतो. ही बारीक घसरण चार्जरमधील चिप ओळखते व प्रवाह तोडते. ती हुकलीच तर उष्णता मोजणारा भाग आणि वेळेची मर्यादा राखणीला असतात. वीज जाऊन आली तरी तो पुन्हा सेल तपासूनच पुढे जातो.

तरीही काही पथ्ये पाळावीत:

१. एकदाच वापरायचे साधे किंवा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालू नयेत. ते गळतात, फुटूही शकतात.

२. लिथियमच्या सेलची जात वेगळी; त्याला त्याचाच चार्जर लागतो.

३. एका विजेरीत जुने व नवे सेल एकत्र घालू नयेत.

४. चार्जर भुसा, गवत, अंथरूण यांपासून दूर, उघड्या फरशीवर ठेवावा. सेल कोमट होणे ठीक. चटका बसू लागला तर प्लग काढावा.

निकामी सेल चुलीत, उकिरड्यात वा विहिरीत टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते इतर कचऱ्यापासून वेगळे ठेवून गोळा करणाऱ्यांकडे द्यावयाचे असतात. जमिनीत विष उतरले की ते लवकर निघत नाही, हे भोपाळला वेगळे सांगायला नको. एव्हरेडी सेल बनविणाऱ्या युनियन कार्बाइड कंपनीचाच येथे कीटकनाशकांचा कारखाना होता. १९८४ च्या वायुकांडानंतर त्याच्या आवारात उरलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडावा लागला.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील शहाण्या कुमारिकांनी दिव्याबरोबर तेलही घेतले होते. भरलेले सेलही नुसते पडून राहिले तर हळूहळू उतरतात. तेव्हा पाण्याची पाळी रात्रीची असेल, तर सेल दिवसा वीज असतानाच भरून घ्यावेत आणि एक जादा जोडी खिशात ठेवावी.