पहिला स्लॅब

सकाळचे सव्वासात. मोशीतल्या एका इमारतीचा पाचवा स्लॅब आज भरायचा आहे. यंदाच पदवी घेतलेली साइट इंजिनिअर सळयांच्या जाळीवरून पावलं जपून टाकते आहे. तिच्या सहीनं भरला जाणारा हा पहिलाच स्लॅब. मी ठेकेदाराच्या माणसांसोबत जिन्याशी उभा आहे.

ती वाकते, जाळीखाली बोटं सरकवते. "मुकादम, इथला कव्हर ब्लॉक निसटलाय." सळई थेट प्लायवर टेकली आहे. ब्लॉक जेमतेम २० मिलिमीटरचा, पण तेवढं आच्छादन नसलं की ओल सळईपर्यंत पोचते, गंज फुगतो आणि काही वर्षांनी खाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर छताचे पोपडे पडतात. मुकादम कुरकुरत ब्लॉक सरकवतो.

ट्रॅफिकमध्ये अडकलेला मिक्सर अखेर येतो. चलनावर काँक्रीटची प्रत एम २५. ती खाली उतरून स्लम्प, म्हणजे ओलं काँक्रीट किती बसतं ते, मोजते: ३०० मिलिमीटर उंचीचा लोखंडी साचा, थराथरानं माल, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके. साचा उचलते. १२० हवा होता, भरतो ७०.

ड्रायव्हरचा हात पाण्याच्या पाइपकडे जातोच. "मॅडम, थोडं पाणी मारू द्या, पंप चोक होईल."

"सगळीकडं असंच चालतं, ताई," मुकादमही म्हणतो.

वर सगळे मजूर खोळंबलेत, ऊन चढतंय. पाणी वाढलं की काँक्रीट कमजोर होतं; पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५० च्या वर जाऊ नये, हे तिनं परीक्षेत लिहिलं असेल. तेव्हा समोर असं कुणी घाई करत नव्हतं.

"पाणी नाही टाकायचं." आवाज थोडा कापतो, पण ती हटत नाही. प्लँटला फोन लावते. त्यांचा माणूस येतो, मोजून माल प्रवाही करणारं अ‍ॅडमिक्श्चर घालतो, ड्रम जोरात फिरतो. पुन्हा स्लम्प: ११५. पंप सुरू होतो. ती क्यूबचे साचे भरायला घेते. ७ व्या आणि २८ व्या दिवशी ते क्यूब ताकद तपासायला दाबून फोडले जातील.

तेवढ्यात तिच्या वरिष्ठांचा फोन येतो. उशीर का झाला, एवढंच ते विचारतात.

वरिष्ठांनो, साइटवरची नवी पोर पाण्याला नाही म्हणाली, तर उशिराचा जाब नंतर विचारा. आधी सगळ्यांसमोर तिला सांगा, की बरोबर केलंस.