नदीच्या प्रकृतीचे सूक्ष्म साक्षीदार

उन्हाळ्यात नदीचे पाणी ओसरले म्हणजे पात्रातील दगड उघडे पडू लागतात. अशा ओल्या दगडावर पाय ठेवला की तो हटकून घसरतो. कारण त्यावर एक तपकिरी, बुळबुळीत थर बसलेला असतो. धुणे धुवावयास आलेल्या स्त्रिया तो खरवडून टाकतात आणि मगच कपडे आपटतात. नदीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मात्र हाच थर दात घासण्याच्या ब्रशाने हलकेच काढून बाटलीत जपून ठेवतात. नदी निरोगी आहे की आजारी, याचा निवाडा त्यांस त्या थरावरून करावयाचा असतो.

या थरात डायाटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींची दाट वस्ती असते. बहुतेक डायाटम मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान असल्यामुळे सूक्ष्मदर्शकावाचून ते दिसत नाहीत. प्रत्येक पेशीभोवती सिलिकेचे, म्हणजे काच ज्या द्रव्यापासून बनते त्याच द्रव्याचे, कवच असते. या कवचाचे दोन भाग कुंकवाच्या करंड्याप्रमाणे एकमेकांवर झाकणासारखे बसतात. म्हणूनच मराठीत यांस करंडक वनस्पती असे नाव मिळाले आहे. कवचावरील रेषांची व छिद्रांची नक्षी प्रत्येक जातीची निराळी असते आणि तिच्यावरूनच जात ओळखता येते.

आता असा प्रश्न उद्भवतो की, पाण्याची रासायनिक तपासणी करता येत असताना या सूक्ष्म जीवांकडे धाव घेण्याचे कारण काय? कारण उघड आहे. बाटलीत भरून घेतलेले पाणी फक्त त्या क्षणाची हकीकत सांगते. एखाद्या कारखान्याने रात्री घाण पाणी सोडले आणि तपासनीस दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तर दोष वाहून गेलेला असतो व बाटली निर्दोष ठरते. दगडाला चिकटलेला डायाटम मात्र जागा सोडून जाऊ शकत नाही. पाण्यातील क्षार, आम्लता, प्राणवायू, तसेच सांडपाण्यातून व शेतातील खतांतून येणारी नत्र आणि स्फुरदयुक्त द्रव्ये या सर्वांचा परिणाम त्यास सोसावाच लागतो. शिवाय यांच्या पिढ्या थोड्या दिवसांत पालटतात. पाणी बिघडले की नाजूक जाती मागे पडतात आणि सोशिक जाती माजतात. अशा रीतीने गेल्या काही आठवड्यांचा जमाखर्च त्या थरात लिहिला जातो.

जीवांवरून पाण्याची पारख करण्याची कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघा शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच स्वच्छ व दूषित पाण्यातील जीवांच्या याद्या तयार केल्या होत्या. परंतु एकट्यादुकट्या जातीवर विसंबण्यात धोका असतो. निट्झ्शिया पॅलिया ही जात सांडपाण्यात विपुल वाढते हे खरे. पण तिचे चार नमुने स्वच्छ ओढ्यातही सापडू शकतात.

हा पेच सोडविण्याच्या कामी अमेरिकेतील रूथ पॅट्रिक या विदुषीने मोठी कामगिरी बजावली. फिलाडेल्फिया येथील नैसर्गिक विज्ञान अकादमीत त्या काम करीत. १९४८ साली त्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील कॉनेस्टोगा नदीच्या खोऱ्याची पाहणी केली. रसायनशास्त्र, जंतुशास्त्र, प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र जाणणारी मंडळी त्यांच्या पथकात होती. या पाहणीतून निघालेले तत्त्व साधे आहे. निरोगी नदीत जाती पुष्कळ असतात आणि बहुतेकींची संख्या बेताची असते. दूषित नदीत जाती कमी होतात आणि उरलेल्यांपैकी थोड्याच जाती बेसुमार वाढतात. नांदत्या गावात सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा सर्वांची घरे असतात. टाकलेल्या शेतात मात्र एकच तण माजते. नदीचेही तसेच आहे. पुढे पॅट्रिकबाईंनी काचपट्ट्या पाण्यात तरंगत्या ठेवण्याचे एक साधे उपकरण सिद्ध केले. काही दिवसांत त्या पट्ट्यांवर डायाटम वस्ती करीत आणि निरनिराळ्या नद्यांची तुलना सारख्याच मापाने करता येई. १०५ वर्षांचे दीर्घायुष्य लाभलेल्या या संशोधिका २०१३ साली निवर्तल्या.

आजची पद्धत अशी आहे. दगडावरचा थर आम्लात उकळून त्यातील सेंद्रिय भाग नाहीसा करतात व उरलेली स्वच्छ कवचे काचपट्टीवर बसवितात. मग साधारणतः चारशे कवचे मोजून प्रत्येक जातीचे प्रमाण काढण्यात येते. कोणती जात किती प्रदूषण सोसते हे विचारात घेऊन त्यावरून नदीस गुण दिले जातात. युरोपीय संघाने २००० साली केलेल्या जलविषयक कायद्याने नद्यांची जैविक तपासणी आवश्यक ठरविली, तेव्हापासून तेथे या पद्धतीचा प्रसार झाला आहे.

या साक्षीला मर्यादाही आहेत. डायाटमांनी नदीस चांगले गुण दिले म्हणून तिचे पाणी न उकळता प्यावे असे नव्हे. रोगजंतूंची तपासणी वेगळीच करावी लागते. तसेच युरोपातील जातींसाठी बनविलेले कोष्टक आपल्या नद्यांस जसेच्या तसे लावणेही सयुक्तिक नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत अन्यत्र न आढळणाऱ्या जाती आहेत आणि आपला पावसाळा तर दरसाल दगड धुऊन काढतो. त्यासाठी प्रथम आपल्या जातींची ओळख हवी. त्या दिशेने एच. पी. गांधी यांनी कोल्हापूर, पन्हाळगड व जोगचा धबधबा येथील डायाटमांचे वर्णन करून ठेवले आहे. सरोदे व कामत यांचा महाराष्ट्रातील डायाटमांवरील ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हा अभ्यास चालू आहे.

नदीकाठचे लोक पाण्याच्या दुर्गंधीची तक्रार घेऊन जातात, तेव्हा पुष्कळदा त्यांच्यापुढे निर्दोष ठरलेल्या बाटलीचा अहवाल ठेवला जातो. अशा वेळी त्यांच्या बाजूने साक्ष देणारा एक जुना रहिवासी पात्रातच बसलेला असतो. त्याची भाषा जाणणारे जितके अधिक होतील, तितकी नदीची तक्रार दडपणे कठीण होत जाईल.