मृतांचा उत्सव आणि काटकसरी प्रवासी

ज्या उत्सवास तिकीट नाही, तो पाहावयास जाणे मात्र महाग पडते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. मेक्सिकोतील मृतात्म्यांच्या उत्सवाबाबत नेमके हेच घडते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून २ नोव्हेंबरपर्यंत दिवंगत आप्त आपापल्या घरी परत येतात, अशी तेथील श्रद्धा आहे. १ नोव्हेंबर हा बालपणीच गेलेल्यांचा व २ नोव्हेंबर हा प्रौढ मृतांचा, अशी सर्वसाधारण वाटणी असते. १५२१ मधील स्पॅनिश विजयानंतर ख्रिस्ती पंचांगातील हे दोन दिवस आणि मूळ रहिवाशांचे मृतांविषयीचे आचार यांचा मिलाफ होत होत आजचे स्वरूप सिद्ध झाले. मक्याच्या शेतीचे वार्षिक चक्र याच सुमारास पुरे होते. म्हणजे पाहुणचाराच्या वेळी घरात धान्यही असते.

पाहुणचार हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा. घरोघर 'ओफ्रेंदा' नावाची मांडणी होते. तीवर मृताचे छायाचित्र, पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपाल झाडाच्या डिंकाचा धूप, 'पान दे मुएर्तो' हा खास पाव आणि त्या व्यक्तीच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. स्मशानापासून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात, त्या पाहुण्यास वाट सापडावी म्हणून. दसऱ्याला आपण ज्याचे तोरण बांधतो ते हे फूल मूळचे मेक्सिकोचेच. युरोपीयांच्या व्यापारमार्गांनी ते पुढे भारतात येऊन रुजले. नावाट्ल भाषेतील त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'वीस फूल', म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचे, असा होतो.

खर्च कोठे होतो?

आपल्याकडील श्राद्धविधी बहुतांशी घरात किंवा नदीकाठी, आप्तांपुरता होतो. मेक्सिकोत त्याचा मोठा भाग गावच्या स्मशानात, उघड्यावर होतो. कुटुंबे थडगी धुतात, फुलांनी सजवितात आणि रात्रभर तेथे बसतात. म्हणूनच परक्यास तो पाहता येतो, आणि सामान्यतः त्यासाठी काही द्यावे लागत नाही. मग पैसा जातो कोठे? तो मुख्यतः खोलीच्या भाड्यात जातो. वाहाका शहर किंवा पात्स्क्वारो सरोवराचा परिसर येथील खोल्या तीन-चार रात्रींसाठी वाढविता येत नाहीत. मागणी मात्र त्याच रात्रींवर येऊन कोसळते. पुरवठा ताठर आणि मागणी एकवटलेली असली म्हणजे काय होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल.

बेताच्या पैशांत जाऊ इच्छिणाऱ्याने उपाय यातूनच शोधावा. एक तर खोली कित्येक महिने आधी ठरवावी. दुसरे म्हणजे जेथे पुरवठा मोठा आहे तेथे उतरावे. मेक्सिको सिटी ही प्रचंड नगरी आहे. तेथे साध्या निवासांची वाण नाही. भुयारी रेल्वेचे तिकीट २०१३ च्या अखेरीस तीनवरून पाच पेसो झाले, तेव्हाही ते जगातील स्वस्त तिकिटांपैकीच राहिले. याच रेल्वेच्या बारा क्रमांकाच्या मार्गाने त्लावाकपर्यंत जाऊन पुढे बसने मिस्किक हे जुने गाव गाठता येते. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तेथील चर्चच्या आवारातील स्मशान मेणबत्त्यांनी उजळून निघते. शहराच्या मध्यवर्ती सोकालो चौकात आणि राष्ट्रीय विद्यापीठातर्फे भव्य सार्वजनिक ओफ्रेंदा मांडल्या जातात. दुपारच्या जेवणास बाजारातील खानावळीत 'कोमिदा कोर्रिदा', म्हणजे ठरलेल्या दरातले पूर्ण ताट, मिळते.

तिसरा उपाय मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दोन-चार दिवस आधी पोहोचावे आणि बाजार पाहावा. राजधानीतील हामाइका बाजार किंवा वाहाकाचा आबास्तोस बाजार झेंडूच्या व लाल कोंबड्याच्या फुलांनी, साखरेच्या कवट्यांनी आणि पावांनी भरून जातो. उत्सवाचे अर्थशास्त्र तेथे उघड्या डोळ्यांनी वाचता येते: कोणते कुटुंब किती फुले घेते, कोठे घासाघीस करते, कोठे मुळीच करीत नाही.

मोफत, पण कोणाच्या खर्चाने?

येथेच काटकसरीचा हिशेब थोडा अवघड होतो. स्मशानातील जे दृश्य प्रवाशास फुकट मिळते, ते कोणी तरी पैसे व श्रम खर्चून निर्माण केलेले असते. फुले, मेण, धूप, पाव यांचा भार त्या कुटुंबांवर पडतो. उत्पन्न मात्र बव्हंशी हॉटेलवाले व वाहतूकदार यांच्याकडे जाते. कीर्तीबरोबर ही तफावत वाढते. युनेस्कोने या उत्सवास २००३ मध्ये गौरविले आणि २००८ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातले. पात्स्क्वारोकाठच्या त्सिन्तसुन्तसान गावात १९७० च्या दशकापासून सरकारी पर्यटन खात्याच्या प्रयत्नांमुळे हा विधी कसा बदलत गेला, याचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ स्टॅन्ले ब्रँडेस यांनी केला आहे. २०१५ च्या जेम्स बाँडपटात मेक्सिको सिटीतील एक भव्य मिरवणूक दाखविली होती. तशी मिरवणूक तेथे निघतच नव्हती. २०१६ पासून ती खरोखरच निघू लागली! २०१३ मध्ये तर डिस्ने कंपनीने या उत्सवाचे नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेण्यासाठी अर्ज केला होता. लोकक्षोभ झाल्यावर तो मागे घेतला.

याचा अर्थ परक्याने तेथे जाऊच नये, असा नाही. उत्सवाच्या निमित्ताने फूलशेती, बेकरी, कुंभारकाम यांना काम मिळते, हे नाकारता येणार नाही, आणि बाजारपेठ असली म्हणजे कसबही टिकते. प्रश्न आपला पैसा कोठे पोहोचतो, हा आहे. खोलीवर वाचविलेल्या पैशांतून गावातल्याच विक्रेत्याकडून फुले व मेणबत्त्या घ्याव्यात, जेवण गावातल्या खानावळीत घ्यावे. ज्या थडग्याशी कोणी आलेले नाही तेथे, शेजारच्यांस विचारून, त्यांतले एखादे फूल ठेवावे. छायाचित्र परवानगीवाचून घेऊ नये; थडग्यांच्या अरुंद वाटांत गर्दी वाढली तर आपण निघावे. अशा ठिकाणी एका माणसाने अधिक येण्याचा तोटा त्याला स्वतःला सोसावा लागत नाही. तो थडग्याशी बसलेल्या म्हातारीला सोसावा लागतो.

सामाईक कुरणावर जनावरे वाढत गेली की गवत संपते, असा अर्थशास्त्रातला एक जुना दृष्टांत आहे. मिस्किकची ती संध्याकाळही एक सामाईक कुरणच आहे. तेथे तिकीट लावले तर गर्दी कमी होईल, पण मग तो पितरांचा पाहुणचार न राहता खेळ होईल. जेथे किंमत शून्य आहे आणि ती शून्यच राहावी अशी आपली इच्छा आहे, तेथे किमतीचे काम संयमाला करावे लागते. काटकसरी प्रवाशाला संयमाचा सराव असतोच. तो पैशांपुरता न ठेवता त्याने स्मशानाच्या फाटकाशीही पाळावा, एवढेच.