सुईचा हिशेब (७) : एक रीळ, एक दिवस

नफा किती धरायचा, ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते राहू द्या. साताऱ्याहून एका वाचक ताईंनी दोन ओळींत असा प्रश्न धाडलाय की तो बाजूला सारून पुढे जाताच येत नाही. ‘पाच बाय सातची गोधडी शिवायला आलीय. जुन्या साड्या गिऱ्हाइकाच्या, दोरा माझा. शेजारची आठशे घेते. मी किती घेऊ?’

पाच बाय सात फूट. गोधडीचा भाव सगळीकडे असाच विचारतात आणि असाच सांगतात, सतरंजी विकत घेतल्यासारखा. ब्लाऊजला हे चालून जातं. ब्लाऊज म्हटला की त्यात कटोरी आहे का, अस्तर आहे का, एवढं विचारलं की शिवणारीला कामाचा अंदाज येतो. गोधडीत मात्र लांबी-रुंदीवरून काहीच कळत नाही. काम लपलेलं असतं ते धावदोऱ्याच्या दोन ओळींमधल्या अंतरात.

हिशेब करून बघू. रुंदी साठ इंच. ओळी अर्ध्या अर्ध्या इंचावर घातल्या तर होतात १२०. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे एकूण ८४० फूट शिवण, अडीचशे मीटरच्या वर. तीच गोधडी इंचाइंचावर ओळी घालून शिवली तर शिवण निम्मी. गिऱ्हाइकाला दोन्ही गोधड्या घडी घालून दाखवल्या तर दोन्ही पाच बाय सातच. काही बायका सरळ ओळी न घालता कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मधे येतात. त्यांनाही सुटका नाही. अंतर तेच ठेवलं तर दोऱ्याची लांबी जवळपास तेवढीच भरते.

आता वेळ. ‘गोधडीला किती दिवस लागतात?’ असं कुठल्याही शिवणारीला विचारा, उत्तर येईल, ‘बसता-उठता होते.’ त्यात खोटं काही नाही. भाजी चुलीवर आहे, पोर झोपलंय, लाईट गेलीय, तेवढ्यात दोन ओळी. अशा कामाला घड्याळ लावायचं कसं? म्हणून या लेखासाठी सांगली जिल्ह्यातल्या एका आजींच्या ओसरीवर एका दुपारी खरोखरच घड्याळ लावून पाहिलं. आजींनी आयुष्यभर वाकळा शिवल्या आहेत. त्या गोधडी म्हणत नाहीत, वाकळच म्हणतात. सुईवर एका दमात चार-पाच टाके घ्यायचे, अंगठ्यानं सुई रेटायची, दोरा ओढायचा, डाव्या तळव्यानं कापड चापून बसवायचं. सात फुटांच्या एका ओळीला बारा मिनिटं लागली. मधे सुईत दोरा ओवून द्यायला नातीला हाक मारावी लागली, ती मिनिटं यात धरलेली नाहीत.

बारा मिनिटांची एक, अशा १२० ओळी. चोवीस तास.

पण साताऱ्याच्या ताईंनी काही घड्याळ लावून बसावं असं नाही. त्यांच्या हाताशी दुसरं मोजमाप आहे आणि ते रिळावर गुंडाळलेलंच असतं. दोरा वरखाली जातो, जाडीत मुरतो, शेवटाला तुटका उरतो. म्हणून शिवणीच्या लांबीहून साधारण तिसरा हिस्सा जास्त धरायचा. म्हणजे या गोधडीला एकेरी दोरा सुमारे ३४० मीटर. शंभर मीटरची साडेतीन रिळं समजा. चोवीस तासांत साडेतीन रिळं, तर एका रिळाला जवळपास सात तास.

सात तास वाचून रोजगार हमीवर गेलेल्यांचे कान टवकारतील. केंद्राच्या रोजगार हमी कायद्यानं मजुरीचे दर बेतताना दिवस धरला तो आठ तासांचा, त्यात एक तास विश्रांतीचा. सात तास काम, एक तास पाठ टेकायला. सुईवर बसणारीलाही तासभर पाठ टेकायला लागतेच. तेव्हा शंभर मीटरचं एक रीळ म्हणजे एक दिवस.

थोडं विषयांतर होतंय, पण हमी हा महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा विषय. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग केला तो तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, आजींच्याच जिल्ह्यात. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली. या कामाची एक गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. तिथे मजुराला ‘दिवसभर होतास ना?’ एवढंच विचारत नाहीत. खड्डा मोजतात. लांबी, रुंदी, खोली. आणि मऊ माती, मुरूम, खडक यांचे दर वेगळे, कारण कुदळ सगळीकडे सारखी शिरत नाही.

सुई तरी सारखी कुठे शिरते? मऊसूत झालेल्या जुन्या लुगड्यांचे चार थर म्हणजे माती. घट्ट विणीच्या सिंथेटिक साड्या आत घातल्या की मुरूम. आणि हल्ली लोक फाटक्या जीन्स आणून देतात, ‘वाया कशाला घालवायच्या’ म्हणत. जीन्सच्या शिलाईवर सुई आली की थेट खडक. तिथे बोटाला टोपण घातलं तरी सुई वाकते. सरकारी दरपत्रकात खणणाऱ्याला खडकाचे जास्त मिळतात. जीन्सची गोधडी मात्र सगळीकडे पाच बाय सातच्याच भावात.

आता ताईंच्या आठशेकडे येऊ. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ साठी दिवसाला २९७ रुपये होती. ती अकुशल कामाची, माती उचलण्याची. रिळांचे साडेतीन दिवस आणि थर अंथरणं, सुरकुत्या काढणं, कच्चे टाके घालणं, कडा दुमडणं यांचा अर्धा दिवस मिळून चार दिवस झाले. २९७ च्या हिशेबानं ११८८ रुपये, दोऱ्याचे पैसे वेगळे. यात कसबाचा एक पैसाही धरलेला नाही. तेव्हा शेजारीण अर्ध्या इंचावर ओळी घालून आठशे घेत असेल, तर ती मातीच्या मजुरीहूनही खाली शिवते. इंचाइंचावर घालत असेल तर तिचं गणित जमतं आणि तिच्याशी बरोबरी करायचं ताईंना कारणच नाही. आधी तिची गोधडी पट्टी लावून बघावी.

रिळाच्या हिशेबाची आणखी एक सोय आहे. नवख्या मुली नेहमी म्हणतात, ‘मला दुप्पट वेळ लागतो, मग दुप्पट पैसे कसे मागू?’ मागू नका. रीळ सगळ्यांना सारखंच लागतं. हात बसेपर्यंत एका रिळाला दोन दिवस जातील, पैसे एकाचेच घ्या. वीस वर्षं शिवणारी तेच रीळ पाच तासांत संपवेल, तिनं मात्र पुरा दिवस लावावा. तिचा वेग हीच तिची कमाई. ती कापून घेणं म्हणजे हुशार गवंड्याला ‘लवकर उरकलंस’ म्हणून अर्धा रोज देण्यासारखं झालं.

हे सगळं आजींना मोठ्या उत्साहानं समजावून झालं. त्यांनी ऐकून घेतलं, दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं केलं आणि विचारलं, “आन् म्या लांब लांब टाकं घातलं तर? दोरा तेवढाच जाईल की रं.”

खरंच की. टाका लांब घातला तर ओळ झपाझप सरते, दोरा मात्र जवळपास तेवढाच लागतो. रिळाला ओळी कळतात, टाके कळत नाहीत. सहा भाग लिहून झाल्यावर ही चूक सापडली, तीही अंगठ्याला सुईचे घट्टे पडलेल्या बाईला, बसल्या जागी.

मग त्यांनीच तोड दाखवली. हाताची चार बोटं जोडून वाकळीवर आडवी ठेवली आणि बोटांखालच्या एका ओळीतले टाके मोजले. बारा. ओसरीच्या दोरीवर सुनेनं बाजारातून आणलेली एक गोधडी वाळत होती, ती ओढून घेतली, पुन्हा चार बोटं ठेवली. सात भरले.

“ह्याचं किती दिलं गं?” आजींनी आत हाक दिली. आतून आकडा आला नाही, भांड्यांचा आवाज तेवढा वाढला.