शास्त्रींची ऑडी, आपले रस्ते आणि चाळीस वर्षं

१० मार्च १९८५. मेलबर्नच्या मैदानावर भारतानं पाकिस्तानला आठ गडी राखून हरवलं आणि बेन्सन अँड हेजेस चषक जिंकला. 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरलेल्या रवी शास्त्रींना बक्षीस म्हणून ऑडी १०० मिळाली. बघता बघता अख्खा संघ त्या गाडीवर चढला आणि शास्त्रींनी मैदानाला फेरी मारली. कपिल, गावसकर, श्रीकांत यांना देश ओळखत होता. ही गाडी मात्र बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिली.

गाडी जिंकणं सोपं होतं, घरी आणणं अवघड. त्या काळात परदेशी मोटार आणायची तर परवाना लागे, आणि आयात शुल्क गाडीच्या किमतीलाही मागं टाकी. शास्त्रींसाठी केंद्र सरकारनं ते शुल्क माफ केलं. ऑडी जहाजानं मुंबईला आली आणि तिला एमएफए १ हा क्रमांक मिळाला. पुढं कित्येक वर्षं 'शास्त्रींची ऑडी' म्हटलं की महाराष्ट्रात वेगळी ओळख द्यावी लागत नसे.

ऑडी १०० चं हे रूप १९८२ साली आलं होतं. काचा दारांच्या पत्र्याला समतल बसवलेल्या, कडा घासून गुळगुळीत केल्यासारख्या, आणि हवेच्या अवरोधाचा गुणांक अवघा ०.३०. चारचौघांच्या कौटुंबिक गाडीत हे त्या वेळी कुणी केलं नव्हतं. १९८३ ची 'युरोपियन कार ऑफ द इयर' तीच ठरली. शास्त्रींची गाडी ऑडी १००. तिच्याच अंगाची, पण इंजिनाला टर्बो लावलेली थोरली बहीण म्हणजे ऑडी २००.

टर्बोची कल्पना साधी आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. तोच धूर एका छोट्या पंख्यावर सोडायचा. त्या पंख्याच्या दांडीला दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. दांडी मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहते. तेल चुकलं की टर्बो गेला.

बीएमडब्ल्यूनं १९७३ साली २००२ टर्बो काढली, १९७५ मध्ये पोर्शची ९११ टर्बो आली, आणि साबच्या ९९ टर्बोनं १९७८ च्या सुमारास हे तंत्र घरगुती गाडीत आणलं. ऑडीनं १९७९ मध्ये पाच सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो लावून २०० ५टी बाजारात आणली, ताकद १७० अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी जिनिव्हात क्वाट्रो दाखवली: टर्बो, चारही चाकांना ओढ आणि २०० अश्वशक्ती. ऐंशीच्या दशकातल्या 'स्पोर्ट सेडान'चा साचा असा घडला. बाहेरून साहेबाची गाडी, आत शर्यतीचं इंजिन.

तेव्हा आपल्याकडं काय होतं? १९८५ हे साल गमतीचं आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं त्याच वर्षी ११८ एनई आणली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी उभारलेली ही कंपनी तोवर फियाटवरून आलेल्या पद्मिनीवर चालली होती. नव्या गाडीचं अंग फियाट १२४ चं, म्हणजे साठच्या दशकातलं, आणि इंजिन निसानचं ११७१ सीसीचं. 'एनई' म्हणजे निसान इंजिन. आदल्या वर्षी हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा आली होती. तिचं अंग व्हॉक्सॉलच्या जुन्या गाडीचं, आणि सुरुवातीला आत होतं तेच १४८९ सीसीचं इंजिन, जे ॲम्बेसेडर ओढत होतं. एवढ्या मोठ्या गाडीला ते पुरेना. पुढं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसलं तेव्हा कुठं काँटेसा खरी धावू लागली.

तिसरी होती मद्रासची स्टँडर्ड २०००. ब्रिटिश रोव्हर एसडी१ ही १९७७ ची 'युरोपियन कार ऑफ द इयर'. तिच्या आठ सिलिंडरच्या व्हिटेस आवृत्तीवर तिथले शौकीन जीव टाकत. तीच गाडी भारतात आली ती जुन्या धाटणीच्या दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनासह, आणि रस्त्यांचा विचार करून जमिनीपासून उंच उचललेली. तिकडं जी जमिनीलगत धावे ती इकडं पंजावर उभी राहिल्यासारखी दिसे. १९८८ पर्यंत तिचं उत्पादन आटोपलं. उंचीमुळं ती बुडाली असं कुणी म्हणणार नाही. ताकद कमी आणि किंमत जास्त, हे खरं दुखणं. पण तिच्याकडं पाहिलं की भारतीय रस्त्यानं गाडीच्या आखणीत कसा हात घातला ते दिसतं.

उंच की बसकी, हा वाद नुसत्या दिसण्याचा नाही. १९८७ साली केनियातल्या सफारी रॅलीत हानू मिक्कोलानं ऑडी २०० क्वाट्रो पळवली आणि जिंकली. वाल्टर रोर्ल त्याच गाडीत दुसरा आला. तिथं मातीचे रस्ते, खड्डे, नदीनाले, म्हणून गाड्या उंच केलेल्या. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, तीच २०० क्वाट्रो अमेरिकेच्या ट्रान्स-ॲम शर्यतींत उतरली आणि तिथं ती डांबराला टेकेल इतकी खाली बसवली होती. हर्ली हेवूडनं त्या वर्षीचं विजेतेपद घेतलं. एकच सेडान, एकदा उचलून जिंकली, एकदा बसवून जिंकली. निर्णय दोन्ही वेळा रस्त्यानं दिला.

मग परदेशी कंपन्यांना दारं उघडली. १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीझची ई-क्लास जोडली जाऊ लागली. ती डब्ल्यू१२४ ही मुळात १९८४ ची आखणी, म्हणजे ऐंशीच्या दशकातली सेडान महाराष्ट्रात पिंपरीच्या वाटेनं दहा वर्षं उशिरा अवतरली. २००१ मध्ये औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला. तिथल्या ऑक्टाव्हियाची आरएस ही १.८ लिटर टर्बो पेट्रोल आवृत्ती २००४ मध्ये आली, १५० अश्वशक्तीची. तोवर आपल्याकडं टर्बो म्हटलं की डिझेल ट्रक आठवायचा. पेट्रोलच्या सेडानमधला टर्बो सामान्य शौकिनाच्या आवाक्याजवळ आला तो इथं. २००७ पासून त्याच शेंद्र्यात ऑडीही जोडली जाऊ लागली. जिच्यासाठी १९८५ मध्ये सरकारला शुल्क सोडावं लागलं, तिच्या पुढच्या पिढ्या बावीस वर्षांनी मराठवाड्यातून बाहेर पडू लागल्या.

शास्त्रींची मूळ गाडी मात्र थकली होती. तिला पुन्हा उभं केलं ते गौतम सिंघानिया यांच्या सुपर कार क्लब गॅरेजनं. वऱ्हाडाला सिंघानियांचं रेमंड ठाऊक आहे ते यवतमाळच्या डेनिम कारखान्यामुळं. मुंबईत त्यांचा नाद मोटारींचा. सुमारे आठ महिने काम चाललं आणि जून २०२२ मध्ये गाडी शास्त्रींच्या हवाली झाली. या कामातली मोलाची गोष्ट म्हणजे संयम. चाकं मोठी केली नाहीत, स्प्रिंग कापल्या नाहीत. मेलबर्नला जशी होती तशी गाडी परत आणणं हेच ध्येय होतं.

अशी गाडी उभी करणं म्हणजे पत्रा घासून रंग मारणं नव्हे. कित्येक वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत आधी पेट्रोलची टाकी उतरवावी लागते, कारण तळाशी गंजाचा गाळ बसलेला असतो. मग रबर. नळ्या, बुश, सील, सगळं कडक होऊन तडकलेलं. त्या काळच्या बऱ्याच युरोपीय गाड्यांत बॉशची यांत्रिक इंजेक्शन पद्धत असते. तिच्या बारीक वाटांत वाळलेलं पेट्रोल गोंदासारखं चिकटतं. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलशी जुन्या रबराचं जमत नाही, म्हणून नळ्या नव्या जातीच्याच घालाव्या लागतात. टर्बो असेल तर हवेच्या बाजूची नळी काढायची, पंख्याच्या मधल्या नटाला दोन बोटांत धरून हलकं वरखाली हलवायचं. किंचित हालचाल चालते. पातं भिंतीला घासत असेल तर बेअरिंग गेलं. आत तेलाचा काळा चिकटा दिसला तर सील गेलं. चांगला फिटर हे दोन मिनिटांत सांगतो. सुटा भाग मिळवायला मात्र महिने जातात.

आता अशी गाडी हिवरखेडला आणली तर? अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातलं हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. अकोला–खंडवा ही मीटरगेज रेल्वे गेजबदलासाठी बंद झाली तसा इथला माणूस रस्त्यावर अवलंबून राहिला. अकोट, तेल्हारा, अकोला, कुठंही जा, चाकाखाली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर उठतं-बसतं. नवाकोरा रस्ता दोन पावसाळ्यांत लाटा घेतो तो यामुळं.

दुसरी अडचण पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा इथून फार लांब नाही. त्या भागातल्या बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की मीठ दारांच्या तळाशी आणि चाकांवरच्या पत्र्यात साचतं. रंग वरून चकचकीत, आतून पत्रा पोखरलेला. जुनी गाडी वऱ्हाडात घ्यायची असेल तर चुंबक घेऊन जावं. जिथं चुंबक धरत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी आहे असं समजावं.

तिसरी अडचण उन्हाची. पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते. वीस अंशांच्या मानानं तिची घनता सुमारे आठ टक्क्यांनी घटते. टर्बो ती हवा दाबताना आणखी तापवतो. ही तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर साफ नसेल तर इंजिन ठोकायला लागतं. दमवून आणलेली टर्बो गाडी लगेच बंद करू नये, दोनेक मिनिटं सुस्त चालू ठेवावी, हा जुना नियम इथं तर पाळलाच पाहिजे. नाहीतर बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी करपतं.

अशा रस्त्यांवर गाडी लो करणं कितपत शहाणपणाचं? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. गावाच्या तोंडाशी उठवलेल्या उंचवट्यांनी हे मानक ऐकलेलंही नसतं. ते अरुंद, टोकदार असतात आणि सेडानचं पोट नेमकं त्यांच्यावरच टेकतं. दोन-तीन सेंटिमीटरनं गाडी खाली आणायची तर त्या मापाच्या स्प्रिंग आणि त्यांना साजेसे शॉक ॲबसॉर्बर दोन्ही बदलायला हवेत. स्वस्तातला मार्ग म्हणजे असलेली स्प्रिंग कापणं. वेढा कमी झाला की स्प्रिंग कडक होते, शॉकला हालायला जागा उरत नाही, आणि प्रत्येक दणका थेट अंगावर येतो. गॅसनं तापवून बसवलेली स्प्रिंग तर पाणी उतरल्यानं कधीही दगा देते. वळणावर बसकी गाडी चांगली चिकटते हे खरं, पण ते गुळगुळीत डांबरावर.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं नोंदवलेल्या मूळ तपशिलात मनाप्रमाणं फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

आणि इथंच ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांची कोंडी होते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' दर्जा दिला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की गाडीचं अंग, चासी आणि इंजिन मोठा बदल न होता राखलेलं असावं. १९८५ ची गाडी त्या वयात पोचेल २०३५ मध्ये. तोवर ती साधी जुनी गाडी. अशा देशी गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या देशी मोटारीला ते १०,००० रुपये झालं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला तर ही संधीही नव्हती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

वऱ्हाडात जिनिंगच्या आवारात, वाड्याच्या पडवीत, गोठ्याशेजारी एखादी काँटेसा किंवा ११८ एनई ताडपत्रीखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचं आरसी पुस्तक शोधा. मुदत संपली असेल तर आरटीओत जाऊन नूतनीकरण करून घ्या, चासीचा नंबर घासून स्वच्छ वाचा, टाकी रिकामी करा आणि स्प्रिंगला हात लावू नका. २०३५ नंतर मान मिळेल तो मूळ रूपात राहिलेल्या गाडीला, आणि नोंदणी नसलेली गाडी कितीही चकचकीत केली तरी तिला रस्त्यावर आणता येणार नाही.