सिनेटर डिलवर्दीचे सोंग : निधी, देणगी आणि उपरोधाची मर्यादा

'हिपॉक्रिसी' ही संज्ञा ज्या ग्रीक शब्दावरून आली, त्याचा संबंध रंगमंचावरील अभिनयाशी होता. मराठीत तिच्यासाठी 'दंभ' हा पर्याय रूढ आहे. तथापि 'सोंग' हा शब्द तिला अधिक जवळचा वाटतो. दंभ एकट्यालाही करता येतो, सोंगाला मात्र प्रेक्षक लागतो. अमेरिकी काँग्रेसमधील निधिवाटपावरील उपरोधपर लेखनाचा विचार करताना हा भेद उपयोगी पडतो.

मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांच्या 'द गिल्डेड एज' (१८७३) या कादंबरीतील सिनेटर डिलवर्दी प्रार्थनासभांत रमतो, रविवारच्या शाळेत मुलांना उपदेश करतो आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी टेनेसीत औद्योगिक विद्यापीठ काढण्याचे विधेयक पुढे रेटतो. विद्यापीठासाठी जी जमीन सरकारने विकत घ्यावयाची, तिच्या विक्रीत मात्र अनेकांचे हितसंबंध गुंतलेले आहेत. फेरनिवडीच्या वेळी एक आमदार सात हजार डॉलर्सची पुडकी सभागृहात सर्वांसमक्ष मांडतो आणि डिलवर्दीचे सोंग उघडे पडते. हा प्रसंग कल्पित नाही. जानेवारी १८७३ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळात सिनेटर सॅम्युएल पॉमेरॉय यांच्याविरुद्ध नेमकी हीच रक्कम मांडली गेली होती. रक्कम तिसऱ्याच माणसाकडे पोचवण्यासाठी दिली होती, हा कादंबरीतील खुलासाही वास्तवापासून फारसा दूर नाही.

या रचनेत पुडके उघडणे हा कळसबिंदू आहे. आधुनिक व्यवहारात पुडकेच उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या मॅककॉर्मिक निर्णयानुसार, निवडणूक देणगी ही खंडणी ठरण्यासाठी विशिष्ट शासकीय कृतीच्या मोबदल्याचा स्पष्ट करार सिद्ध व्हावा लागतो. म्हणजे जे उच्चारले ते गुन्हा, जे गृहीत धरले ते पाठबळ! २००७ पासून 'इअरमार्क' मागणाऱ्या सदस्याचे नावही जाहीर होऊ लागले. देणगीदारांची नोंद आधीपासून होतीच. दोन्ही याद्या कोणालाही शेजारी ठेवून वाचता येतात. तरीही २०१० मध्ये प्रतिनिधिगृहाच्या आचारनीती समितीने, निधी मिळालेली संस्था देणगीदार आहे एवढ्यावरून गैरवर्तन ठरत नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या दृष्टीने तो चूक म्हणता येणार नाही. उपरोधकाची अडचण मात्र येथूनच सुरू होते : जे झाकलेलेच नाही ते उघडे कसे पाडावयाचे?

मग भार शब्दांवर येतो. 'इअरमार्क' म्हणजे मुळात जनावराच्या कानावरील मालकीची खूण; 'पोर्क बॅरल' म्हणजे खारवलेल्या मांसाचे पिंप. दुसऱ्याच्या मतदारसंघातील पूल हे पिंप, स्वतःच्या मतदारसंघातील पूल हे लोकप्रतिनिधित्व. अलास्कातील ग्रॅव्हिना बेटाच्या पुलासाठी २००५ मध्ये २२.३ कोटी डॉलर्स राखून ठेवले गेले; टीका होताच पुलाची अट काढली, रक्कम मात्र राज्याकडेच राहिली. २००६ च्या प्रचारात पुलाची बाजू घेणाऱ्या सेरा पेलिन यांनी २००८ मध्ये तो नाकारल्याचे श्रेय घेतले. रॉन पॉल आपल्या मतदारसंघाच्या मागण्या विधेयकात घालीत आणि त्याच विधेयकाविरुद्ध मत देत. ते याचे उघड समर्थन करीत, म्हणून त्यांना दांभिक म्हणणेही कठीण जाते.

२०११ मध्ये काँग्रेसने ही प्रथा स्थगित केली. २०२१ मध्ये ती परतली, तेव्हा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना वगळण्यात आले, हा बदल वरवरचा नव्हे. मात्र जुने नाव कोणीच उच्चारले नाही. प्रतिनिधिगृहात ती 'सामुदायिक प्रकल्प निधी' झाली, सिनेटमध्ये 'काँग्रेस-निर्देशित खर्च'.